‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका चार महिन्यांच्या बाळाचा पासपोर्टसाठी फोटो काढत होते. बाळाने डोळे उघडे ठेवायचे, तोंड मिटायचं, मान सरळ धरायची आणि त्याला धरणाऱ्या आईचा हात फोटोत दिसता कामा नये, असे नियम. हे नियम करणाऱ्यांच्या घरी बाळं नसावीत. बाई फोनवर म्हणाल्या, ‘‘तुम्ही एवढी वर्षं माणसांचे चेहरे टिपताय. फोटोतून माणूस कसा उलगडतो, यावर आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा ना.’’ बाळाने त्याच क्षणी भोकाड पसरलं, म्हणून मी ‘‘हो हो, देते’’ म्हणून फोन ठेवला. बाळ शांत झाल्यावर लक्षात आलं, आपण फसलो.

कारण हाच विषय मला गेल्या वर्षी दिला असता तर मी बसल्या बैठकीत लिहून दिला असता. वर दोन उपदेशही केले असते. पण या चैत्रापासून माझा पार गोंधळ उडालाय. झालं असं, की सात वर्षांपूर्वी मी एका मुलीचा फोटो बघून तिच्या आईला सांगितलं होतं, ‘‘हिला हे लग्न नको आहे.’’ माझ्या शब्दावर ते जमत आलेलं लग्न मोडलं. मी बरोबर होते, याबद्दल सात वर्षं मला तिळमात्र शंका नव्हती. आता आहे. त्याबद्दलच लिहिते. लिहिता लिहिता काही उलगडलं तर ठीक, नाहीतर संपादकबाईंचं नशीब.

आमचा स्टुडिओ शनिवार पेठेत आहे. आमच्या ह्यांनी तो सुरू केला आणि मी लग्न होऊन आल्यावर त्यात शिरले. हे लग्नकार्यांचे फोटो काढायला बाहेर, मी स्टुडिओत, अशी वाटणी आपोआप झाली, कारण मुलींच्या आयांना कॅमेऱ्यामागे बाई आहे याचं बरं वाटायचं. ‘दाखवण्याचे’ फोटो म्हणजे लग्नासाठी स्थळांना पाठवायचे फोटो, ते सगळे माझ्याकडे. आता आमचे हे समोरच्या काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत बसतात आणि गिऱ्हाइकांना, ‘‘मोबाइलवर फिल्टर लावून आणा, आम्ही छापून देऊ. तुम्हीच आहात की नाही ते सरकार बघेल,’’ असं ऐकवतात. मी पडद्याच्या आत असते.

धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस माणूस राहत नाही. श्वास रोखतो, हनुवटी वर करतो, पोट आत घेतो. आपण ‘‘हसा’’ म्हटलं की तो दात दाखवतो, आणि दात दाखवणं म्हणजे हसणं नव्हे. मी काढलेला उपाय असा: फ्लॅश वापरायचा नाही, सतत चालू असणारा दिवा एका बाजूला ठेवायचा. कॅमेरा स्टँडवर लावायचा, त्याचा आवाज बंद करायचा, आणि छोटं रिमोट हातात घेऊन बाजूला उभं राहायचं. दहाबारा फोटो रीतसर काढायचे. मग मोठ्याने म्हणायचं, ‘‘झालं!’’

‘झालं’ म्हटलं की माणूस सुटतो. खांदे खाली येतात, श्वास बाहेर पडतो, आणि चेहऱ्यावर जे काय खरोखर चाललेलं असतं ते वर येतं. नेमकं तेव्हा मी पदराआडून रिमोट दाबते. हे चोरून काढणं झालं, हे मला मान्य आहे. ते फोटो मी कधी विकले नाहीत, कुठे लावले नाहीत. कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे, त्याचं नाव ‘झालं’. ज्याचा फोटो त्याने मागितला तर द्यायचा, नाहीतर तिथेच राहू द्यायचा, एवढा माझा नियम होता. पण मनातून मी धरून चालले होते की खरा माणूस त्या फोल्डरमध्ये आहे आणि पाकिटात घालून देतो तो नुसता देखावा.

दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त मास्तर राहायचे. एके सकाळी इस्त्रीचा कोट घालून आले आणि म्हणाले, ‘‘भिंतीवर लावायचा फोटो काढायचाय.’’

‘‘कोणाचा?’’

‘‘माझाच. ऐनवेळी पोरं कुठल्यातरी लग्नातला शोधून काढतील, हातात आइस्क्रीम असलेला. ते नको.’’

आपल्याकडे हे करतात बरेच जण, पण कोणी इतकं सरळ बोलत नाही. मास्तर खुर्चीवर बसले, मला सूचना देऊ लागले. वरून जागा जास्त सोडा, हार येईल. चष्मा ठेवा, नाहीतर शेजारचे ओळखायचे नाहीत. मी फोटो काढले, म्हटलं, ‘‘झालं.’’ तर मास्तर म्हणाले, ‘‘कसा गेलो?’’ आणि स्वतःच्याच विनोदावर असे काही हसले की डोळ्यांत पाणी आलं. मी रिमोट दाबलं. तसा फोटो मी जन्मात पुन्हा काढला नाही.

पुढे मास्तर गेले. मुलगा आणि सूनबाई फोटो न्यायला आले, तेव्हा मी मोठ्या हौसेने दोन्ही दाखवले. सूनबाई हसऱ्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे आमचे नाहीत हो. असे ते घरात कधी हसलेच नाहीत.’’ आणि तो कडक, हनुवटी वर केलेला फोटो घेऊन गेल्या. मला त्यांची कीव आली होती. आयुष्यभर एका छताखाली राहिलात आणि माणूस ओळखता आला नाही, मला दोन मिनिटांत कळला, असं मी ह्यांना म्हटल्याचंही आठवतं. असला माज होता मला. आणि हा माज मी एकटीने वाढवला नाही. ‘‘बाईंना चेहरा कळतो’’ असं लोकांत पसरलं होतं, आणि लोक आपल्याबद्दल चांगलं बोलत असले की आपण कशाला खोडायला जातो?

हे असं बोलणं ऐकूनच कुसुमताई वाघोलीहून दोन बस बदलून माझ्याकडे आल्या. बाई अमरावतीच्या पलीकडच्या. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी अश्विनी हिला इंजिनिअर करायचं म्हणून पुण्याला आल्या आणि वाघोलीच्या एका कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागल्या. मुलगी शिकली, एका आयटी कंपनीत चिकटली. मग कुसुमताईंच्या दिरांनी एक स्थळ आणलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, बघण्याचा कार्यक्रम होऊन दोन्ही बाजूंनी जवळजवळ पक्कं. मुलाच्या आजीला गावाहून येणं होत नव्हतं आणि तिला नातसून हातात धरून बघायची होती, मोबाइलवर नाही. म्हणून कागदावरचा फोटो हवा होता. होकार रविवारपर्यंत कळवायचा होता.

अश्विनी नव्या साडीत येऊन बसली. गोड मुलगी, पण बोलायला कंजूस. मी रीतसर फोटो काढले. ती सांगेन तशी मान वळवत होती, सांगेन तशी हसत होती. मग मी म्हटलं, ‘‘झालं.’’ तिने श्वास सोडला आणि नजर खाली उजवीकडे वळवली, आणि चेहरा असा झाला की काय सांगू. रडू नव्हतं. रडू आवरतानाचं असतं ना, ते होतं. मी रिमोट दाबलं. अश्विनी साडी बदलायला आतल्या खोलीत गेली आणि मी स्क्रीनवर तो फोटो मोठा करून पाहिला.

कुसुमताई हळूच जवळ आल्या. ‘‘बाई, एक इचारू? तुमाले चेहऱ्यातलं दिसते म्हनतात. माही पोट्टी खूश आहे का जी?’’

‘‘तिला विचारलंत का?’’

‘‘इचारलं ना. ‘तू म्हणशील तसं’ म्हनते. लहानपणापासून तेच म्हनते. कपडे कोनते घेऊ, तू म्हणशील तसे. शाळा कोनती, तू म्हणशील ती. तिचे बाबा असते तर दोघं मिळून काई ठरवलं असतं. दीर तर पक्कंच करून बसले. मी आता कोनाले इचारू?’’

इथे मी म्हणायला हवं होतं, अहो पुन्हा विचारा तिलाच, मी कोण परकी बाई. पण माझ्यासमोर तो फोटो होता आणि माझ्या अंगात ‘चेहरा कळणाऱ्या बाई’ संचारल्या होत्या. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, ‘‘हे बघा. याला काय खूश म्हणतात? कुसुमताई, हिला हे लग्न नको आहे.’’

त्या खूप वेळ बघत राहिल्या. पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, ‘‘बरं झालं दाखवलं.’’ अश्विनी साडी घडी करत बाहेर आली, मायलेकी गेल्या. आजीसाठी छापलेला फोटो न्यायला कोणी आलं नाही. आठवड्याने कुसुमताईंचा फोन आला, की नकार कळवला, दीर खवळले आहेत, ‘‘फोटोवाली कोन लागून गेली’’ म्हणाले, आणि त्यांनी बोलणं टाकलंय. ‘‘टाकू द्या जी. पोट्टी वाचली.’’ मला केवढा अभिमान वाटला! मी ह्यांना सांगायला गेले, तर हे फोटो कापता कापता म्हणाले, ‘‘तू फोटो काढतेस का पत्रिका बघतेस?’’ मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुसुमताईंचा कुरडयांचा डबा यायचा. त्या स्वतः आणून द्यायच्या आणि दुकानात जे कोणी बसलं असेल त्याला सांगायच्या, ‘‘या बाईनं माही पोट्टी वाचवली.’’ मी नको नको म्हणायचे, जेवढं शोभतं तेवढं.

या चैत्रात अश्विनी एकटी आली. सात वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. केस कापलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड, बोलणं मोकळं. कंपनी तिला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवत होती, व्हिसाचा फोटो हवा होता. मी फोटो काढला, आणि मग मला राहवेना. कौतुक करून घ्यायची सवय लागली की सुटत नाही. मी म्हटलं, ‘‘आठवतं ना गं? तुझं ते लग्न. वाचलीस बाई तेव्हा.’’

ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. शोधायची थांबली. म्हणाली, ‘‘काकू, मला तो आवडला होता.’’

मला पहिल्यांदा वाटलं, ती थट्टा करतेय.

‘‘अगं, पण तुझा चेहरा! मी पाहिला ना. फोटो आहे माझ्याकडे. केवढी दुःखी होतीस तू.’’

‘‘हो, दुःखी होते. तुम्ही झालं म्हणालात आणि मी खाली बघितलं, तर आईची चप्पल दिसली. अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली. मला नवी साडी, मॅचिंग ब्लाउज, सगळं घेतलं होतं तिने, आणि स्वतः त्या चपलेवर वाघोलीहून आली होती. मला एकदम वाटलं, मी गेल्यावर हिच्याकडे कोण बघणार? ॲक्च्युअली आम्ही दोघांनी ठरवलं होतं, पुण्यातच घर घ्यायचं, आईच्या जवळ. बोलणं झालं होतं आमचं.’’

मी विचारलं, ‘‘मग बोलली का नाहीस? तोंड नव्हतं का तुला?’’

‘‘आईने मला विचारलंच नाही, काकू. घरी आली आणि सरळ काकांना फोन लावून नाही म्हणाली. मला वाटलं, तिलाच तो आवडला नाही. मग मी कशाला हट्ट करू? फोटोचं मला खूप नंतर कळलं. तोवर त्याचं लग्न झालं होतं.’’

ती अजिबात रागावलेली नव्हती, तेच मला सहन होईना. मी विचारलं, ‘‘तुला वाईट नाही वाटत?’’

‘‘कधी वाटतं. कधी वाटतं, बरंच झालं. त्याचे विचार थोडे जुने होते. खरं सांगू का, मलाच नीट माहीत नाही.’’ मग दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. ‘‘काकू, प्लीज, आईला यातलं काही सांगू नका. तिला वाटतं तिने मला वाचवलं. त्याच्या जोरावर ती काकांसमोर ताठ उभी राहिली. तेवढं तिच्याकडे राहू द्या.’’

मी वचन दिलं. न देऊन सांगते कोणाला? ज्याने दुसऱ्याचं घर मोडलंय त्याला गप्प राहा म्हटलं तर सोपंच वाटतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस फार वाईट गेले. मी फोल्डर उघडून तो फोटो किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. सात वर्षं मला त्यात नको असलेलं लग्न स्पष्ट दिसत होतं. आता बघते तर आईची काळजी स्पष्ट दिसते. आणि जास्त वेळ बघितलं तर एक मुलगी खाली पडलेली टाचणी शोधतेय एवढंच दिसतं. फोटो तोच, मीही तीच. चेहऱ्यावर दुःख आहे एवढं कॅमेरा सांगतो, कशाचं ते त्याला काय माहीत? ते मी माझ्या पदरचं घातलं होतं. मग मास्तरांचे फोटो उघडून बसले. सूनबाई बरोबर असतील तर? माणूस ज्यांच्यासमोर आयुष्यभर ताठ बसला, त्यांच्यासाठी तो ताठच होता, आणि माझ्यासारख्या परक्या बाईसमोर दोन मिनिटं हसला तर तेवढ्यावर तो खरा हसरा कसा ठरतो? की दोन्ही खरे? की फोटोत दिसतात ते तिसरेच कोणीतरी? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ‘‘दोन्ही फोटोंत मास्तर आहेत. कान बघ.’’ या माणसाशी गंभीर काही बोलता येत नाही.

पंधरा दिवसांनी मायलेकी दोघी आल्या. मुलगी जर्मनीला गेल्यावर मध्ये महिनाभर आईलाही फिरवून आणणार होती, त्यासाठी कुसुमताईंचा पासपोर्ट काढायचा होता. कुसुमताईंच्या हातात कुरडयांचा डबा. काउंटरवर एक कॉलेजची मुलगी बसली होती, तिला त्यांनी लगेच माझी ओळख करून दिली, ‘‘या बाईनं माही पोट्टी वाचवली.’’ अश्विनी भिंतीवरच्या फोटोंकडे बघत उभी राहिली. मला तो डबा हातात घेववेना.

आत आल्यावर अश्विनी आईचा कंगवा घेऊन आतल्या खोलीत गेली, आरशापाशी केसांतल्या पिना काढायला. पडदा पडला तशा कुसुमताई माझ्याजवळ सरकल्या.

‘‘बाई, अजून एक काम आहे तुमच्याकडं. आता एक जन आहे. तिच्या हापिसातला. जर्मनीले जायच्या आधी साखरपुडा करू म्हनते तो. पोट्टीले इचारलं तर पुन्हा तेच, तू म्हणशील तसं. मी तिले म्हनलं, माह्यासंगं तू बी एक फोटो काढून घे. तुमी तसाच फोटो काढा जी, मागच्या वक्तासारखा. तिले कळू देऊ नका. तुमी सांगाल तसं मी करते.’’

म्हणजे माझ्या एका वाक्यावर ही बाई पुन्हा मुलीच्या आयुष्याचा निर्णय घ्यायला तयार होती. आणि मुलगी पुन्हा गप्प बसणार होती, कारण तिला वाटणार की आईचीच तशी इच्छा आहे. मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, दोन्हीकडून तेच होणार. बरं, मला वचन पाळायचं होतं. सहा महिने आधी मला कोणी विचारलं असतं, की दिलेलं वचन पाळावं का, तर मी म्हटलं असतं, हा काय प्रश्न झाला?

मी म्हटलं, ‘‘कुसुमताई, मी तसा फोटो काढणार नाही.’’

‘‘काहून?’’

‘‘कारण मागच्या वेळी मी चुकले. तिला तो मुलगा हवा होता.’’

बोलून गेले आणि पडदा सरकला. अश्विनी हातात पिना घेऊन उभी होती. ‘‘काकू, तुम्ही प्रॉमिस केलं होतं.’’

‘‘केलं होतं. मोडलं. तुला काय बोलायचंय ते मला नंतर बोल,’’ मी म्हटलं, आणि कुसुमताईंना सगळं सांगितलं. चप्पल, सेफ्टी पिन, घर जवळ घ्यायचं ठरलेलं, सगळं. मी म्हटलं, ‘‘मला काही कळलं नव्हतं हो. मला वाटलं मला कळलं. तुमच्या मुलीचं मी नुकसान केलं, आणि सात वर्षं तुमच्या कुरडया खाल्ल्या.’’

मला वाटलं, या बाई आता मला फाडून खातील. खरं तर खावं असंच वाटत होतं. पण कुसुमताई कॉम्प्युटरकडे वळल्या. मग म्हणाल्या, ‘‘तो फोटो आहे का अजून? दाखवा.’’

मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. त्या वाकून बघत राहिल्या. स्क्रीनवर मुलीच्या गालापाशी बोट नेलं, पण लावलं नाही. ‘‘माह्या चपलीकडं पाहत होती?’’

‘‘हो आई,’’ अश्विनी म्हणाली.

‘‘येडी का काय तू.’’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘बाई, तुमी एकल्याच नाई चुकल्या. मी खोटं कशाले बोलू? तुमी म्हनल्या, हिले लग्न नको आहे, तवा मले रडू आलं. पन आतून बरं वाटलं मले. आता पोट्टी जात नाई, राहते माह्यापाशी, असं झालं. म्हनून मी तिले इचारलं नाई. इचारलं असतं अन् ती हो म्हनली असती तर? फोटोत मले जे पाह्यचं होतं तेच मी पाह्यलं.’’

‘‘आई!’’ अश्विनीने खुर्चीची पाठ धरली.

काउंटरवरून हे कोणाला तरी सांगत होते, की पांढरा शर्ट घालून पांढऱ्या पडद्यासमोर बसलात तर नुसतं मुंडकं येईल. एरवी आम्ही तिघी हसलो असतो. मला कोणाचं वाईट वाटावं तेच समजत नव्हतं. मुलीचं म्हणावं तर तिने तोंड उघडलं नव्हतं. आईचं म्हणावं तर तिने आता स्वतःच कबूल केलं होतं. माझं म्हणावं तर मी सगळ्यांत शहाणी ठरून बसले होते. आणि तो मुलगा कुठेतरी सुखाने नांदत असेल, त्याला यातलं काही ठाऊकही नसेल.

कुसुमताईंनी मुलीकडे तोंड केलं. ‘‘आता सांग. हा हापिसातला तुले पाह्यजे का?’’

‘‘तू म्हण...’’

‘‘मी काई म्हनत नाई. फोटोवाल्या बाई बी काई म्हनत नाईत. तुले इचारते मी.’’

अश्विनीने हातातल्या पिना एकेक करून टेबलावर ठेवल्या. एवढी पस्तिशीकडे झुकलेली, दहा माणसांना हाताखाली घेऊन काम करणारी मुलगी, पण शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखी उभी होती. शेवटी म्हणाली, ‘‘आई, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मला हे कधी ठरवताच आलं नाही.’’

मला वाटलं, आता कुसुमताई चिडणार. इतकं सगळं होऊन हातात काय, तर माहीत नाही. पण त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. चप्पल काढून बाजूला सारली. मुलीला फोटोच्या खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, ‘‘बस तिथं. तुले माहीत होईस्तोवर बसू आपन. पासपोर्टले काई घाई नाई.’’

अश्विनी बसली.

‘‘पैले हे सांग,’’ कुसुमताई म्हणाल्या, ‘‘तो हसते कसा?’’

अश्विनीने आईकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे गदगदत होते. ती माझ्यापासून तीन हातांवर होती, माझा दिवा तिच्या तोंडावर होता. ती हसत होती की रडत होती, हे मला कळलं नाही. चाळीस वर्षं चेहरे बघून पोट भरलेल्या बाईने असं छापायला द्यावं याची लाज वाटते, पण खरंच कळलं नाही. आणि कुसुमताईंकडे वळून मी पहिल्यांदाच विचारलं, ‘‘हसतेय का हो ती?’’

‘‘थांबा जी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिलेच सांगू द्या.’’